साडूसाहेबांचा अणुविरोध

जगात निश्चिंत झोपणारी जेवढी म्हणून माणसं आहेत, त्या सगळ्यांच्या वाट्याची काळजी आमचे थोरले साडू सोलापुरात बसून एकटेच वाहत होते, असं माझं प्रामाणिक मत आहे. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला घरात सगळे अक्का म्हणत आणि साडूंना माझी बायको भावजी म्हणे. मी मात्र त्यांना समोरासमोर 'साडूसाहेब' म्हणायचो, निम्मं आदरानं आणि निम्मं चेष्टेनं. त्यांना त्यातला फक्त आदरच ऐकू यायचा. माढ्याकडच्या शेतकरी घरात जन्मलेला हा माणूस मॅट्रिक होऊन शहरात आला आणि अग्निशामक दलाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटला, तो तिथंच हेडक्लार्क झाला. गंमत अशी, की उभ्या नोकरीत त्यांनी एकही आग डोळ्यांनी पाहिली नव्हती. घंटा वाजवत बंब बाहेर पडायचा, यथावकाश परत यायचा, आणि अंगाला काजळी लागलेली माणसं जे सांगतील ते साडूसाहेब टेबलाशी बसून शुद्ध मराठीत उतरवायचे. सुताची गोदामं, तेलाच्या गिरण्या, लाकडाच्या वखारी, लग्नाचे मांडव असं सगळं सोलापूर त्यांनी कागदावर कितीदा तरी जळताना पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलेली आग माणूस कधी ना कधी विसरतो. यांनी ती कल्पनेनं पाहिलेली, त्यामुळं ती दर वेळी थोडी आणखी मोठी व्हायची.

कचेरीची भाषा त्यांच्या तोंडात इतकी बसली होती, की जेवायला बसल्यावरसुद्धा "सदर आमटीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास येते" असं ते अक्काला सांगत. अक्का म्हणे, "चौकशी करून कळवते." पण एकदा का भीती वाटली, की ही कचेरी कुठल्या कुठं पळून जायची आणि आतला माढ्याचा माणूस बाहेर यायचा. "आगं ए, सर की मागं! पेटंल की समदं!" त्यामुळं त्यांना किती भीती वाटते आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून बघायची गरजच नसे. भाषा ऐकली की कळायचं.

आम्ही रेल्वे लाइन्स वस्तीत नवीन बिऱ्हाड केलं, तेव्हा सत्यनारायणाला त्यांना बोलावलं होतं. दारात चपला काढता काढता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दुसरं दार कुठंय?" मी म्हटलं, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला दुसरं दार कुठून आणू? मग कथा संपेपर्यंत ते उंबऱ्याच्या अलीकडं आले नाहीत, आणि प्रसादही त्यांनी एक पाय बाहेर ठेवूनच खाल्ला. त्यांच्या स्वतःच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह आतल्या खोलीत पेटवायला बंदी होती. अक्का तो अंगणात पेटवायची आणि तो चांगला निळा होईपर्यंत साडूसाहेब शेजारी ओलं पोतं धरून उभे राहायचे. "लग्नात दोघांनी धरला नसेल एवढा वेळ अंतरपाट," अक्का म्हणायची, "हे रोज सकाळी पोतं धरून उभे असतात." सिद्धेश्वराच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असायचं, तेव्हा तर त्यांना पाहण्यासारखं असे. अख्खं सोलापूर माना वर करून आभाळातली फुलं बघतंय, लहान पोरं बापाच्या खांद्यावर बसून टाळ्या पिटतायत, आणि हा एक माणूस आभाळाकडं पाठ फिरवून गर्दीकडं तोंड करून उभा! मी एकदा विचारलं, "अहो, वर बघा की, काय सुरेख झाड उमटलंय." तर म्हणाले, "वरचं सगळे बघतायत. खाली कुणीतरी बघायला नको?"

पण खरी मौज झाली ती मंगळवेढ्याच्या एसटीत. नात्यातल्या एका लग्नाला आम्ही सगळे निघालो होतो. एसटीत साडूसाहेबांची जागा ठरलेली असायची, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं जिथं लिहिलेलं असतं त्या दाराशेजारची. ती मिळाली नाही तर ते गाडी सोडून देत. त्या दिवशी ती मिळाली, पण गाडी सुटायच्या आधी त्यांनी कंडक्टरला हाक मारली.

"हे दार उघडून दाखवा."

"आवो सायेब, ते संकटकाळी उघडायचं आसतंय."

"संकट आल्यावर ते उघडत नाही असं कळलं, तर त्या माहितीचा उपयोग काय?"

कंडक्टर भला माणूस. त्यानं कडी ओढली. दार हललं नाही. मग त्यानं, ड्रायव्हरनं आणि मागच्या बाकावरच्या एका पैलवानानं मिळून जोर लावला. दार उघडलं, आणि जे उघडलं ते पुन्हा लागेचना. गाडीला उशीर होत होता, लोक ओरडू लागले. शेवटी मंगळवेढा येईपर्यंत साडूसाहेब ते दार दोन्ही हातांनी आत ओढून धरून बसले होते. बाहेरच्या ज्वारीच्या रानातला सगळा फुफाटा त्यांच्या टोपीवर आणि मिशीवर बसला होता. उतरताना कंडक्टर म्हणाला, "झालं का समादान?" तर हे शांतपणे म्हणाले, "दार नादुरुस्त होतं, हे सिद्ध झालं." त्यांच्यातली सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट हीच होती, की पुष्कळदा त्यांचं बरोबर निघायचं.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. सोलापुरात विजेची ओढाताण चाललेली. यंत्रमाग दिवसाचे कितीतरी तास नुसते उभे असायचे, आणि मागांचा खडखडाट थांबला, की पूर्वभागातल्या विणकरवस्तीचे लोक गोंधळून रस्त्यावर यायचे, एखाद्याच्या घरातलं घड्याळ बंद पडावं तसे. साडूसाहेबांचे शेजारी राजय्या हे तेलुगू माणूस, चादरींचे चार माग घालून बसलेले. ते गमतीत म्हणायचे, "लाईट द्या की वो, कसला बी द्या. पान्याचा द्या, कोळशाचा द्या, नाही तर भुताचा द्या." अशात कुणीतरी बातमी उठवली, की उजनीच्या नव्या धरणाचं पाणी साठायला लागलंय, आता त्याच्या काठाला अणुवीज केंद्र येणार. ही बातमी कुठून आली, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पण आमच्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रं वाचायला जमणाऱ्या मंडळींचे तेवढ्यावर दोन तट पडले. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्रात मोठा बिघाड झाल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि मग विचारायलाच नको. ज्यांना घरातला फ्यूज बदलता येत नव्हता, ते अणुगर्भ कसा फुटतो ते मला सांगू लागले.

साडूसाहेब आठ-दहा दिवस गप्प होते. ते वाचत होते. वाचनालयातली जुनी मासिकं, विज्ञानाची पाठ्यपुस्तकं, जे मिळेल ते. नलू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा बी.एस्सी. होऊन घरी होती. तिच्याकडून त्यांनी अणू समजावून घेतला. त्यांना समजला तो असा, "म्हणजे ही एक आग आहे. पण हिला धूर नाही. वास नाही. हात पोळत नाही. पाणी मारून विझत नाही. विझली तरी राख गरम राहते, आणि ती किती पिढ्या, ते पुस्तकातसुद्धा नीट लिहिलेलं नाही." एवढं बोलून ते माझ्याकडं वळले. "अशा आगीचा अहवाल लिहायचा कसा, सांगा बघू?" त्यांचा आवाज खाली आला होता. सगळा जन्म ज्या शत्रूचा हिशेब ठेवला, त्याचा एक थोरला भाऊ आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही, असं कळल्यावर माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं होतं.

त्या दिवसापासून साडूसाहेब सोलापुरातले अणुवीजविरोधाचे पुढारी झाले. वाचनालयात, न्हाव्याच्या दुकानात, हुरडा खायला नेलं तर शेकोटीभोवती, जिथं चार माणसं भेटतील तिथं ते बोलत. एरवी माणसं त्यांच्या काळज्यांना हसत. आता ती थांबून ऐकू लागली. मला वाटतं, त्यांना त्याचंही थोडं बरं वाटत असावं.

आणि नेमकं तेव्हाच नलूचं स्थळ आलं.

स्थळ म्हणजे सोनं होतं. मुलगा बार्शीचा, श्रीकांत नावाचा. इंजिनिअर, निर्व्यसनी, एकत्र फोटो काढावा असा उंचीला नलूला शोभणारा. बार्शीच्या एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं, बोलणंही झालं होतं, आणि नलूला तो आवडला होता. हे तिनं तिच्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोनं मला. मी मोठ्या उत्साहानं साडूसाहेबांकडं गेलो. शिक्षण ऐकून त्यांनी मान डोलवली, पगार ऐकून डोलवली, घराणं ऐकून डोलवली. मग विचारलं, "नोकरी कुठं?"

"लांब आहे जरा. समुद्रकाठी. अणुवीज केंद्रात."

साडूसाहेब उभे राहिले. "न्हाय," ते म्हणाले. "न्हाय म्हंजे न्हाय. पोरीचा संसार काय भट्टीच्या वळचणीला मांडू व्हय?" माढ्याची भाषा ऐकली आणि मी ओळखलं, की हे नुसतं हट्टाचं काम नाही. माणूस खरोखर घाबरला आहे.

त्यानंतर त्या घरात जे दिवस गेले, ते अक्काच्या शब्दांत सांगायचं तर 'मीठ नसल्यासारखे' गेले. नलू भांडली नाही. तिनं वडिलांना एकदाच विचारलं, "बाबा, मुलात काही खोट आहे का?" ते म्हणाले, "मुलात नाही." "मग माझ्यात?" त्यावर ते टोपी घालून बाहेर निघून गेले. ती रोज त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवायची आणि एक अक्षर न बोलता आत जायची. अक्कानं तर स्टोव्ह आतल्या खोलीत पेटवायला सुरुवात केली. साडूसाहेब ओलं पोतं घेऊन दारापर्यंत जात आणि परत येत. मी मध्यस्थी करायला गेलो, तर मला म्हणाले, "तुम्हाला मुलगी नाही. तुम्हाला कसं कळणार, की सगळ्यांना सुरक्षित वाटणारी जागा मला सुरक्षित का वाटत नाही? मी ज्या जळक्या गोदामांचं लिहिलं ना, ती आदल्या दिवसापर्यंत सगळ्यांना सुरक्षितच वाटत होती."

उन्हाळ्यातल्या व्याख्यानमालेच्या मंडळींनी त्या वर्षी परिसंवाद ठरवला, 'अणुवीज : हवी की नको?' विरोधी बाजूनं साडूसाहेब बोलणार हे उघडच होतं. अणुविजेच्या बाजूनं बोलायला मुंबईहून कुणी तज्ज्ञ येणार होते. आदल्या दिवशी त्यांची तार आली, प्रकृती बरी नाही. कार्यवाहांची धावपळ उडाली. अशात कुणीतरी सांगितलं, की अणुवीज केंद्रातला एक इंजिनिअर रजेवर आलाय, इथं त्याच्या मावशीकडं उतरलाय. तो श्रीकांत होता. त्याला समोर कोण बसणार हे ठाऊक होतं, म्हणून तो नको नको म्हणत होता. पण नलूनं माझ्या बायकोच्या तोंडी त्याला निरोप धाडला, "या. आणि खरं असेल तेच बोला."

साडूसाहेबांना हे कळलं ते व्यासपीठावर चढल्यावर. समोर नमस्काराला वाकलेला पोरगा पाहून ते क्षणभर गडबडले, मग कचेरीत परगावचा अधिकारी आल्यावर म्हणत तसं म्हणाले, "बसा. आपलं स्वागत आहे." सभागृह तुडुंब भरलं होतं. राजय्या आपल्या मागावरच्या कामगारांना घेऊन पहिल्या रांगांत बसले होते. उजनीकाठच्या गावांतून ट्रॉली भरून माणसं आली होती. वीज जाईल म्हणून कार्यवाहांनी कंदील तयार ठेवले होते, पण त्या संध्याकाळी वीज गेली नाही. सोलापूरच्या दृष्टीनं तीच पहिली बातमी होती.

साडूसाहेब आधी बोलले. सुरुवात 'सदर विषयाच्या अनुषंगाने' अशी झाली. लोक जांभया द्यायला लागले. पण हळूहळू ते रंगले. "आग विझवली तरी आमचे जवान रात्रभर राखेवर पहारा देतात," ते म्हणाले, "कारण राखेत विस्तू असतो. या भट्टीच्या राखेवर पहारा कोण देणार? मी? मी तर उद्या पेन्शनीत जाणार. माझा नातू? पणतू? आणि त्यांना कोण सांगून ठेवणार, की बाबांनो, आम्ही वीज वापरली, आता तुम्ही राखण करा?" टाळ्या पडल्या. राजय्या उठून उभे राहिले. "साहेब, तुमचा पणतूला काळजी हाय, बरोबर हाय. पण माझा पोरगा आज बसून हाय. माग बंद, पोट चालू. त्याचं काय करायचं?" यालाही टाळ्या पडल्या, आणि जवळजवळ त्याच माणसांनी त्या वाजवल्या.

मग श्रीकांत उभा राहिला. "माझे आदरणीय विरोधक," अशी त्यानं सुरुवात केली, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "सासरे म्हन की लेका!" सगळं सभागृह खदखदून हसलं. बायकांच्या बाजूला नलूनं पदरात तोंड लपवलं. अक्का मात्र हसली नाही. ती नवऱ्याकडं बघत होती. श्रीकांत लाल झाला, पण अडखळला नाही. त्यानं जाड काँक्रीटच्या भिंती सांगितल्या, काही बिघडलं तर भट्टी आपोआप थांबवणारी व्यवस्था सांगितली, कोळशाच्या खाणीत आणि धुरानं माणसं मरतात त्याचीही आठवण करून दिली. चांगला बोलत होता. घोकून आलेला वाटत नव्हता.

एक म्हातारा शेतकरी हात वर करून उभा राहिला. "आमी धरनाला रान दिलं," तो म्हणाला. "तवा बी सायेब लोकं आली, नकाशा दावला, लई ग्वाड बोलली. आता ह्ये अणूचं काय आसतंय, ते आमाला ठावं न्हाय. आमचं रान पुन्यांदा घेनार का न्हाय, येवढंच सांगा की."

"बाबा, तुमच्याकडं केंद्र येणार असं मी तरी कुठं ऐकलेलं नाही," श्रीकांत म्हणाला. "पण मी लहान माणूस आहे. न येण्याची हमी मला देता येणार नाही." म्हातारा खाली बसला. समाधान झालं होतं असं नाही, पण बसला.

शेवटी अध्यक्षांनी साडूसाहेबांना एक प्रश्न विचारायची मुभा दिली. ते माइकपाशी आले. मग कागदही न बघता त्यांनी विचारलं, "मोठा अपघात झाला, तर आजूबाजूच्या खेड्यातल्या बाया-माणसांनी कुठल्या वाटेनं बाहेर पडायचं?"

"त्याची योजना आहे," श्रीकांत म्हणाला. "मी ती वाचलेली आहे."

"तुम्ही वाचलीय. त्या बायांना ती ठाऊक आहे का?"

तिथं काहीही ठोकून देणं सोपं होतं. सोलापुरातून कोण तिकडं खात्री करायला जाणार होतं? श्रीकांतनं एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं. मग म्हणाला, "ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

राजय्यांनी कपाळाला हात लावला, आपली बाजू हरली म्हणून. साडूसाहेबांनी विजयाचं एखादं वाक्य टाकावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण ते नुसतेच "ठीक आहे" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

सभा संपल्यावर माणसं पायऱ्यांवर भांडत होती. साडूसाहेब गर्दीतून वाट काढत श्रीकांतपाशी गेले. मला वाटलं, आता काही तरी अवघड होणार. मी मागोमाग गेलो. साडूसाहेब म्हणाले, "जेवण झालंय का?"

"नाही अजून."

"मग चला घरी. घरात भाकरी आहे, शेंगाची चटणी आहे. दही बघावं लागेल." अक्का तिथंच उभी होती. ती दह्याचं बघायला एवढ्या भराभरा घराकडं निघाली, की तिच्याबरोबर चालताना नलूला आणि माझ्या बायकोला धाप लागली.

वाटेत मी साडूसाहेबांना हळूच विचारलं, "हे कसं काय?" ते म्हणाले, "मी आयुष्यभर तपासणीचे कागद पाहिले. जे जे म्हणून जळालं, त्याच्या आधीच्या तपासणीत 'सर्व ठीक' असंच लिहिलेलं होतं. 'हे मला माहीत नाही' असं लिहिणारा माणूस मला एकदाही भेटला नव्हता. आज भेटला."

"म्हणजे अणुविजेला विरोध संपला?"

"विरोध कायम आहे," ते ताठ होऊन म्हणाले. "तो भट्टीला. मुलाला विरोध असण्याचे कारण दिसून येत नाही." सदर मुलाचं जमलं, हे मला त्या भाषेवरूनच कळलं.

लग्न सोलापुरातच झालं, आणि तसं लग्न पुन्हा व्हायचं नाही. मांडवाच्या चारी कोपऱ्यांत वाळूच्या लाल बादल्या होत्या. कचेरीतली दोस्त मंडळी वर्दीत, बंब घेऊनच आली होती आणि तो बंब मांडवाच्या दारात उभा होता. वऱ्हाडातल्या पोरांनी त्यावर चढून घंटा वाजवायला सुरुवात केली, तेव्हा बार्शीच्या मंडळींना वाटलं, नवऱ्या मुलाची वरात यातून निघणार आहे. होमाच्या वेळी गुरुजींनी जरा सढळ हातानं तूप सोडलं, तर वधूपिता हातात बादली घेऊन पुढं सरसावले. गुरुजी म्हणाले, "अहो, हा अग्नी साक्षीला बोलावलाय." साडूसाहेब म्हणाले, "साक्ष लांबूनही देता येते." नलू अख्ख्या लग्नात रडली नाही. ती हसत होती. पाठवणीच्या वेळी रडले ते साडूसाहेब, आणि तेसुद्धा बंबाच्या आडोशाला, जवानांच्या मध्ये उभे राहून.

चारेक महिन्यांनी ते लेकीकडं गेले. पंधरा दिवस म्हणून गेले आणि महिना काढून आले. वाचनालयात सगळे टपून बसले होते, दोन्ही तट. अणुभट्टी कशी आहे, धोका आहे की नाही, आता एकदाचा निकाल लागणार होता. साडूसाहेब आले, वर्तमानपत्र उघडलं, आणि म्हणाले, "भट्टी काही मला बघता आली नाही. आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मी माणसं बघितली." श्रीकांतला सुट्टी असेल तेव्हा तो आणि नसेल तेव्हा नलू, असं कुणाला तरी बरोबर घेऊन ते आसपासच्या खेड्यांतून फिरले होते. घरोघर बसून तोच एक प्रश्न विचारला होता. कुणाला वाट ठाऊक होती, कुणाला नव्हती, कुणी काही तरी भलतंच ऐकून ठेवलं होतं. श्रीकांतनं ते वर सांगितलं. पुढं केंद्रातली माणसं गावांत येऊन, शाळेच्या पटांगणात लोकांना बसवून सगळं समजावून गेली. "बस्स, एवढंच," साडूसाहेब म्हणाले आणि पान उलटलं. दोन्ही तट नाराज झाले.

उजनीकाठी अणुवीज केंद्र काही आलं नाही. ती बातमी जशी आली तशीच विरून गेली. साडूसाहेब पेन्शनीत गेले, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात, एका भर दुपारी, वर्तमानपत्र छातीवर ठेवून झोपले ते उठले नाहीत. अक्का म्हणाली, कसला म्हणून आवाज झाला नाही.

नलू आली ती दोन वर्षांच्या मुलीला घेऊन. पोरीला सांभाळायला म्हणून तिकडची एक कोळीण बरोबर आली होती. साधारण माझ्या बायकोच्या वयाची, नऊवारी घट्ट नेसलेली. सोलापूरचं ते कोरडं ऊन तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पहिले दोन दिवस ती पोरीला कडेवर घेऊन नुसती सावलीसावलीनं फिरत होती. तिसऱ्या दिवशी घरातली गर्दी जरा कमी झाली, तेव्हा ती अक्काच्या शेजारी येऊन बसली.

"तुमचे मालक आमच्या पडवीत येऊन बसले होते," ती म्हणाली. "मला विचारलं, बाई, काही झालं तर तू कशी जाशील? मी म्हटलं, होडी आहे की. तर म्हणाले, आणि तुझी सासू? माझी सासू आंधळी आहे, आई. ती आत खाटेवर होती, मी तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तिचा खोकला ऐकून त्यांनी विचारलं. मग आत गेले आणि तिच्याजवळ लई वेळ बसले. ती अजून त्यांचं नाव काढते."

अक्कानं नातीला आपल्या मांडीवर ओढलं.

"मी इकडं निघाले तेव्हा सासूनं एक विचारून यायला सांगितलंय," कोळीण जरा संकोचून म्हणाली. "ते दिसायला कसे होते? मी बघितलं होतं, मी सांगितलं तिला माझ्या परीनं. पण तिचं समाधान होईना. म्हणाली, त्यांच्या बायकोला विचार."

अक्कानं डोळ्यांना पदर लावला. मग पदर खाली घेतला आणि म्हणाली, "उंच नव्हते. सांग तिला, उंच मुळीच नव्हते, पण चालायचे उंच माणसासारखे. मिशी होती. एका बाजूची जरा कमी. आरशात न बघता कातरायचे, मी किती सांगितलं..." नलू आतून येऊन उंबऱ्यात बसली. माझी बायको हातातलं निवडणं तसंच घेऊन पुढं सरकली. अक्का सांगत होती, मध्येच थांबून आठवत होती, "नाही नाही, डावीकडची कमी," असं स्वतःलाच दुरुस्त करत होती, आणि ती कोळीण एकेक गोष्ट मनाशी पुटपुटून पाठ करत होती.